कवीची ओळ, टीकाकाराचे काम

तेराव्या शतकाच्या अखेरीस केशिराजबासांनी चक्रधरस्वामींच्या वचनांवरून ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केला. त्यातली मांडणी ठरलेली आहे. आधी स्वामींचे सूत्र येते, मागोमाग स्वामींनीच सांगितलेला दृष्टान्त, आणि शेवटी ‘दार्ष्टान्तिक’, म्हणजे दृष्टान्ताचा सूत्राशी असलेला संबंध केशिराजांनी उलगडून दाखवलेला. असे ११४ दृष्टान्त ग्रंथात आहेत. स्वामींचे शब्द कुठे संपले आणि केशिराजांचे कुठे सुरू झाले, याबद्दल वाचणाऱ्याला शंका राहत नाही. दुसऱ्याचे वचन घ्यावे, जसेच्या तसे ठेवावे आणि मग त्याच्यावर स्वतः कष्ट घ्यावेत ही अवतरणाची रीत मराठी गद्याच्या पहिल्या बहरातच तयार होती. पुढच्या सातशे वर्षांत साहित्याविषयी लिहिणाऱ्यांनी ती कधी निष्ठेने पाळली, तर कधी पार सोडून दिली.

हस्तलिखितांच्या काळात अवतरणचिन्हे नव्हतीच. पोथीत शब्दाला शब्द लागून ओळ सलग धावे. अभंगातली नाममुद्रा हीच कर्त्याची खूण. ती बदलली की अभंग दुसऱ्याचा होई. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोची कथा वारकरी परंपरा आजही सांगते. ज्ञानेश्वरीचेही नकला होता होता पाठ बिघडले. म्हणून एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीद दिली. अर्थ लावायला बसण्याआधी समोरची ओळ खरी आहे का हे पाहावे लागते, याचा मराठीतला हा ठसठशीत दाखला.

छापखाना आला आणि ओळी सर्वांच्या हाती पडल्या. परशुरामतात्या गोडबोल्यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले आणि जुन्या कवींचे वेचे शाळेपर्यंत पोहोचले. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्याने तुकोबांच्या गाथेचे दोन खंड काढले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी पोथ्या ताडून पाहून साडेचार हजारांवर अभंग त्यात दिले. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला. टीकाकाराने दिलेली ओळ आता वाचकालाही पडताळून पाहता येऊ लागली.

याच सुमारास, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. मालेतल्या निबंधांच्या माथ्यावर संस्कृत किंवा इंग्रजी वचने असत आणि ती लेखाला भारदस्तपणा देत. पण मोरोपंतांच्या कवितेवर लिहिताना त्याच शास्त्रीबुवांना आर्या पुरावा म्हणून लागल्या, कारण पंतांचे कवित्व नाकारणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर बोट ओळीवरच ठेवावे लागते. अवतरणाचे हे दोन्ही उपयोग मराठीत पुढे चालत राहिले. त्यांतला माथ्यावरचा सोपा, म्हणून तो अधिक फोफावला. सभेतल्या भाषणापासून दिवाळी अंकातल्या लेखापर्यंत सुभाषिताने आरंभ करण्याची पद्धतच पडून गेली.

कसोटीचा क्षण आला तो बा. सी. मर्ढेकरांच्या निमित्ताने. ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९५२ मध्ये कवी निर्दोष सुटला. कवितेतून काही शब्द वेगळे काढून त्यांच्यावर आरोप ठेवता येतो का, हा मासिकांच्या पानांवरचा प्रश्न इथे कोर्टापुढे उभा राहिला.

याच संग्रहात पिंपात मेलेल्या उंदरांची कविता आहे. मराठी नवकाव्यात तिच्याइतकी उद्धृत झालेली कविता क्वचितच सापडेल, आणि बहुतेकदा उद्धृत होते ती फक्त पहिली ओळ. ती दिली की खाली ‘आधुनिक माणसाची अगतिकता’ असे लिहून टीकाकार मोकळा होतो. कविता मात्र तेवढ्यावर थांबत नाही. पहिल्याच ओळीत कवीने विशेषण त्याच्या नामापासून तोडून दूर नेले आहे, त्यामुळे वाचणारा अडखळतो. पुढे माना पडल्याचे तो दोनदा सांगतो. दोन्ही वेळा क्रिया तीच, बदलतो तो एकच शब्द. आधी मान मुरगळली न गेल्याचे येते, मग आसक्ती नसल्याचे. मरण शरीरावरून मनावर सरकते ते या एका बदलाने. जो हे दाखवतो त्याला दोन-तीन ओळी द्याव्याच लागतात, आणि ‘अगतिकता’ हा शब्द न वापरताही त्याचे म्हणणे वाचकाला पटते.

असे वाचन करणारे टीकाकार मराठीला लाभले. विजया राजाध्यक्षांनी १९९१ मध्ये ‘मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ’ दोन खंडांत सिद्ध केली. त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म. वा. धोंडांनी ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’मध्ये ओव्यांतले रोजच्या व्यवहारातले तपशील उचलले आणि त्यांमागचे त्या काळचे जग शोधले. अनेक वर्षे पाठ म्हटलेली ओवी त्यांच्या हाती नव्याने उघडते. त्यांच्या लेखनातली ओवी काढून टाकली, तर युक्तिवादच कोसळतो.

शाळेत या कामाला रसग्रहण म्हणतात. २०१८ मध्ये दहावीचे नवे ‘कुमारभारती’ आले. कृतिपत्रिकेत ओळी छापून येतात आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा मुद्द्यांनी त्यांचे रसग्रहण करायचे असते. मुद्दे चांगले आहेत. अडचण येते ती उत्तर लिहिताना. ‘कवी म्हणतात की’ असे लिहून मूल तीच ओळ गद्यात उतरवते, अलंकाराचे नाव टाकते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. हा अलंकार इथेच का आला, दुसरा शब्द घातला असता तर काय बिघडले असते, एवढे दोन प्रश्न वर्गात विचारले गेले तरी उत्तराचा पोत बदलतो. हीच उणीव पुढे प्रबंधांत मोठी होऊन दिसते. अख्खी कविता उतरवायची आणि तिच्याखाली दोन वाक्यांचा गोषवारा द्यायचा, याने पाने भरतात, पण वाचन घडत नाही.

पाठाचा प्रश्नही संपलेला नाही. तुकोबांच्या अभंगाचा नुसता क्रमांक दिला तर वाचक चुकू शकतो, कारण जोगमहाराजांची गाथा, देहू संस्थानची गाथा आणि शासकीय गाथा यांतले क्रमांक सरसकट जुळत नाहीत, काही ठिकाणी शब्दही वेगळे आहेत. ज्ञानेश्वरीतही एकनाथी परंपरेचा पाठ आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या प्रतीचा पाठ यांत फरक पडतो, आणि कधी कधी ओवीचा अर्थच त्या फरकावर अवलंबून असतो. आज ओळी मोबाइलवरून, कुणाच्याही नावाने, कुठल्याही शब्दांत फिरतात. अशा वेळी लेखात अभंग देणाऱ्याने गाथा उघडून तो पाहावा, आवृत्तीचे नाव लिहावे आणि क्रमांक त्याच आवृत्तीचा द्यावा. काम पाच मिनिटांचे आहे, आणि मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ते पहिल्याच सत्रात शिकवता येईल.