एकाच क्रोमियमच्या दोन नोकऱ्या

फ्रान्सच्या सावोआ भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलने बनवलेला लाकडी मुठीचा घडीचा चाकू आजही स्वस्तात मिळतो, आणि तोही दोन पोलादांत: साधं कार्बन पोलाद आणि १२सी२७ हे स्टेनलेस. दोन्हींनी एकेक लिंबू चिरा आणि पाती न पुसता ठेवून द्या. थोड्याच वेळात कार्बनच्या पात्यावर निळसर-राखाडी डाग उमटतात. दुसरं पातं जसंच्या तसं लखलखतं.

ही करामत क्रोमियमची. १२सी२७ मध्ये ते साडेतेरा टक्क्यांच्या आसपास असतं. हवेतला ऑक्सिजन लोखंडाला गंजवण्याआधीच क्रोमियम तो पकडतं आणि पात्यावर जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचा पापुद्रा धरतं. असे वीसेक हजार पापुद्रे एकावर एक रचावेत, तेव्हा कुठे केसाची जाडी भरेल! आणि ओरखडा पडला, तर तिथला पापुद्रा आपला आपणच पुन्हा भरून येतो.

मग डी२ नावाचं चाकूचं दुसरं पोलाद का गंजतं? त्यातही बारा टक्के क्रोमियम असतंच की. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत अद्भुत वाटते. डी२ मध्ये कार्बन दीड टक्का, १२सी२७ मध्ये फक्त ०.६ टक्के. कार्बनला क्रोमियमची भारी ओढ. दोघं मिळून कार्बाइडचे कण बनवतात, आणि त्यांत अडकलेलं क्रोमियम पापुद्र्यासाठी उरत नाही. पण हे कण भोवतालच्या पोलादापेक्षाही कठीण असतात, म्हणून पुठ्ठा कापत राहिलं तरी डी२ ची धार लवकर जात नाही. म्हणजे क्रोमियमचा अणू एक तर गंज अडवतो, नाहीतर झीज. दोन्ही कामं एकदम त्याच्याकडून होत नाहीत.

स्वस्त चिनी चाकूंवर दिसणारं ८सीआर१३एमओव्ही या दोन पोलादांच्या मधलं: ०.८ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम.

पण पात्यावर कोरलेलं नाव अर्धीच हकिकत सांगतं. पोलाद हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन थंड केलं, की कार्बनला निसटायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाच्या स्फटिकात अडकतो, स्फटिक ताणला जातो, आणि त्या ताणातूनच कठीणपणा येतो. हे पाणी पाजणं नीट जमलं, तर साधंसुधं पोलादही उजळतं. अमेरिकेतली बक कंपनी ४२०एचसी वापरते. त्यात कार्बन अर्धा टक्काही नाही, तरी ती ते कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५८ च्या आसपास नेते. हे मला एखाद्या महागड्या मिश्रधातूपेक्षा मोठं काम वाटतं.

रोज फळं चिरायची, डबा उघडायचा, दोरी कापायची, तर माझं मत १२सी२७ ला. दिवसभर खोकी फोडायची असतील तर डी२ घ्या, पण सोबत हिऱ्याची कणी बसवलेली धारपट्टीही घ्या. त्या कार्बाइडपुढे साधा दगड दमतो.