घरगुती आपत्तीसज्जता : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

पाऊस कुठे, पूर कुठे

अहिल्यानगर जिल्ह्यातील पूर गावात किती पाऊस पडला एवढ्यावरच ठरत नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडी पट्ट्यात सह्याद्रीचा मुसळधार पाऊस पडतो, तर जिल्ह्याचा बराचसा पूर्व व दक्षिण भाग पर्जन्यछायेत आहे. घाटमाथ्याचे पाणी प्रवरा आणि मुळा या नद्या पूर्वेकडे आणून गोदावरीत सोडतात. कोपरगावचा पूर नाशिकच्या पावसावर, तर श्रीगोंदा-कर्जतमधील भीमाकाठचा पूर पुणे जिल्ह्यातील धरणांवर अवलंबून असतो. ओढ्या-नाल्यांचा पूर मात्र स्थानिक असतो. ऑगस्ट २०२१ अखेरीस शेवगाव-पाथर्डी भागात तो अनुभवास आला. धरणाखालच्या पुरात सावध होण्यास सहसा काही तास मिळतात, ओढ्याच्या पुरात तेवढाही अवधी नसतो.

विसर्गाचा आकडा

धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये मोजतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे १०,००० क्युसेक विसर्गात सेकंदाला २.८३ लाख लिटर पाणी वाहते. भंडारदऱ्याचे पाणी आधी निळवंडे धरणात येते, म्हणून संगमनेरच्या दृष्टीने निळवंड्याचा विसर्ग महत्त्वाचा. कोपरगावला नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याचा. मागील पुराची पातळी भिंतीवर रंगाने नोंदवून त्या दिवशीचा विसर्ग शेजारी लिहिला, तर पुढील इशाऱ्याचा अर्थ घरापुरता लावता येतो. नदीपात्र बदलते, मधले ओढेही भर घालतात. म्हणून ही खूण केवळ अंदाजासाठी असते.

पाण्याचा साठा

पिणे व स्वयंपाक यांसाठी माणशी रोज किमान ३ लिटर धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ४५ लिटर पाणी लागते. झाकणाचे भांडे आणि ओगराळे टंचाईत व पुरात सारखेच उपयोगी पडते. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी दूषित असते. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडते, म्हणून पाणी आधी निवळून, फडक्याने गाळून मग निर्जंतुक करतात. उकळणे किंवा क्लोरीन यांनी जंतू मरतात. पाण्यात उतरलेली कीटकनाशके मात्र जात नाहीत.

दाराजवळची पिशवी

बॅटरी, शिट्टी, नेहमीची औषधे, क्षारसंजीवनीची पाकिटे, शेंगदाणे-गूळ, चार्ज केलेली पॉवर बँक आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे एवढ्याने पिशवी पूर्ण होते. आधार, शिधापत्रिका, सातबारा व बँक पासबुक यांच्या प्रती पंचनाम्यानंतर मदत मिळवताना लागतात. जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांकही त्यांसोबत लिहिलेले असावेत. पाणी चढताना दावणीची जनावरे सोडली नाहीत, तर ती जागच्या जागी बुडतात.

विजांचा धोका

वळवाच्या आणि परतीच्या पावसात माळरानावरचे एकटे झाड हा घातक आडोसा ठरतो. वीज चमकणे आणि गडगडाट यांत ३ सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे १ किलोमीटर. गडगडाट ऐकू येऊ लागताच पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. मोबाइलला रेंज नसेल तेथे आकाश आणि आवाज हेच इशारे.

सज्जतेच्या मर्यादा

धाब्याच्या घरात संततधार पावसाने छतावरची माती भिजून जड होते, तुळयांवर भार येतो आणि भिंती फुगतात. अशा वेळी पिशवी किंवा साठा घराला वाचवत नाही. शाळेत किंवा नातलगांच्या पक्क्या घरात वेळीच स्थलांतर हाच उपाय उरतो. पोलीस व तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक फोनमध्ये आणि भिंतीवरही असावेत. स्थलांतराचे ठिकाण, वाट आणि वृद्धांना कोण नेणार, या तीन गोष्टी पावसाळ्यापूर्वी ठरलेल्या नसतील, तर बाकीची तयारी अपुरीच राहते.