टायर, वेगवान मोटारगाडीचे

ताशी २०० किमी. पेक्षा अधिक वेग गाठू शकणाऱ्या, शक्तिमान एंजिनाच्या व जमिनीलगत बांधणीच्या मोटारगाडीचे (स्पोर्ट्‌स मोटारगाडीचे) मूळ टायर झिजल्यावर, जुने झाल्यावर किंवा इजा पावल्यावर त्यांच्या जागी बसवावयाच्या टायरांची निवड हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. टायरची रचना व निर्मिती यांचे विवरण येथे केलेले नाही [⟶ टायर]. अशा गाड्या महाराष्ट्रात मुख्यत्वे मुंबई-पुण्यात आढळतात आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात त्या विरळाच. तथापि नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाल्यापासून सलग दीर्घकाळ वेगाने गाडी हाकणे मराठवाडा-विदर्भातही शक्य झाले आहे. हिंगोलीहून राष्ट्रीय महामार्ग क्र. १६१ ने वाशिमवरून मालेगाव (जहांगीर) येथे या ७०१ किमी. लांबीच्या मार्गावर चढता येते. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ महानगरांतील हौशी धनिकांपुरता राहिलेला नाही.

गाडी कितीही शक्तिमान असली, तरी रस्त्याशी तिचा संबंध येतो तो टायरच्या टेकलेल्या भागापुरताच. एका चाकावर ४०० किग्रॅ. भार व टायरमध्ये २२० किलोपास्काल दाब असेल, तर टेकलेला भाग सुमारे १८० चौ. सेंमी., म्हणजे साधारणतः उघड्या पंजाएवढा असतो. वेग वाढविणे, वळणे व थांबणे ही तिन्ही कार्ये अशा चार पंजांच्या घर्षणावर अवलंबून असतात. ताशी १२० किमी. वेगातील गाडी घर्षणांक ०·९ असता सुमारे ६३ मी. अंतरात थांबते, तर तो ०·५ पर्यंत उतरल्यास तिला सुमारे ११३ मी. लागतात. गाडीचे ब्रेक तेच, चालक तोच. मधल्या ५० मीटरांचा फरक टायर व रस्ता यांच्या पकडीतला आहे.

खुणा व त्यांचा अर्थ : टायरच्या बाजूच्या भिंतीवर उठविलेली अक्षरे व अंक हे निवडीचे मुख्य साधन होय. उदा., ‘२४५/३५ झेडआर २० (९५ वाय)’ या खुणेत २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ३५ हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, ‘आर’ हे अक्षर अरीय (त्रिज्यीय) बांधणीचे निदर्शक, तर २० हा रिमचा इंचांतील व्यास असतो. यावरून भिंतीची उंची सु. ८६ मिमी. येते. ९५ हा भारांक असून त्याचा अर्थ ६९० किग्रॅ. असा आहे. वेगाची अक्षरे एस (ताशी १८० किमी.), टी (१९०), एच (२१०), व्ही (२४०), डब्ल्यू (२७०) व वाय (३००) अशी चढत जातात. ‘झेडआर’ म्हणजे २४० किमी. पेक्षा अधिक वेगासाठी केलेला टायर. भारांक व वाय हे अक्षर दोन्ही कंसात असतील, तर तो ३०० किमी. पलीकडच्या वेगासाठीही असतो. भारांक मात्र सर्व वेगांना सारखाच लागू पडत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वाय वर्गाच्या टायरची भारक्षमता २७० किमी. च्या पुढे उतरत जाऊन ३०० किमी. ला ती ८५ टक्केच धरली जाते. वरील टायरच्या बाबतीत ही क्षमता सु. ५८६ किग्रॅ. भरते.

समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांची वेगमर्यादा १२० किमी. असताना ३०० किमी. चा टायर कशासाठी, अशी शंका साहजिकच येते. शिवाय कमी वर्गाचे टायर पुष्कळच स्वस्त पडतात. परंतु वेगाचा वर्ग ठरविणारी चाचणी नव्या टायरवर, योग्य दाब ठेवून आणि ठराविक भाराखाली प्रयोगशाळेतील फिरत्या पिंपावर घेतली जाते. प्रत्यक्षात टायर झिजलेला असतो, दाब चारसहा महिन्यांत पाहिलेला नसतो आणि गाडीत सामान कोंबलेले असते. वर्गाने दिलेली सवलत अशा रीतीने खर्ची पडते. याखेरीज उच्च वर्गाच्या टायरची भिंत ताठ व पट्टे घट्ट असतात आणि गाडीचे सुकाणू व आलंबन त्याच ताठपणाला अनुसरून जुळविलेले असते. म्हणून गाडीच्या निर्मात्याने सांगितलेल्या वर्गापेक्षा व भारांकापेक्षा खालचा टायर घेऊ नये.

उष्णता : टायरचा खरा शत्रू वेग नसून उष्णता होय. प्रत्येक फेऱ्यात रबर दाबले जाऊन पुन्हा पूर्ववत होते. या क्रियेत दिलेली सर्व ऊर्जा परत मिळत नाही. उरलेली उष्णतेच्या रूपाने टायरमध्ये साठते. दाब कमी असल्यास भिंत अधिक लवते आणि उष्णता झपाट्याने वाढून पट्ट्यांचे थर सुटू लागतात. हिंगोली, परभणी व नांदेड या भागांत मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते व रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरण्याची आपल्याकडील चाल नेमकी उलटी, म्हणून घातक आहे. २५° से. ला २२० किलोपास्काल (सु. ३२ पौंड प्रति चौ. इंच) भरलेला दाब टायर ६५° से. पर्यंत तापल्यावर सु. २६३ किलोपास्काल (सु. ३८ पौंड) होतो. ही वाढ टायरच्या आखणीत गृहीत धरलेली असते. दाब थंड टायरमध्येच मोजावा आणि तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. नायट्रोजन भरल्याने ही वाढ टळते, हा समज खरा नाही. हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. कोरडेपणा व गळतीचा किंचित मंद वेग एवढाच त्याचा लाभ.

रबराचे मिश्रण निवडताना याच उष्णतेचा विचार करावा लागतो. शर्यतीच्या मार्गासाठी केलेले मऊ मिश्रण तापल्यावर उत्कृष्ट पकड देते. परंतु ते लवकर झिजते आणि पावसात भरवशाचे नसते. हिवाळी टायर युरोपातील थंडीसाठी असल्याने महाराष्ट्रात सर्वस्वी गैरलागू होत. १९९० नंतर प्रसार पावलेल्या सिलिकायुक्त मिश्रणाचे, ‘उन्हाळी’ म्हणून ओळखले जाणारे टायर येथे योग्य ठरतात.

पाणी : पावसाळ्यात रुंद टायर हा गुण राहत नाही. ट्रेडमधील खाचांनी पाणी वेळेवर बाहेर न टाकल्यास टायर पाण्यावर तरंगतो व सुकाणू निरुपयोगी होते. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० नंतरच्या दशकात विमानांच्या चाकांसाठी बसविलेल्या सूत्रानुसार २२० किलोपास्काल दाबाच्या गुळगुळीत टायरला हा धोका सु. ९४ किमी. वेगापासून संभवतो. समृद्धी महामार्गाच्या वेगमर्यादेच्या हा आकडा बराच आत आहे, हे लक्षात घ्यावे. नव्या टायरच्या खाचा सु. ७ ते ८ मिमी. खोल असतात. भारतात मोटारगाडीसाठी कायद्याने किमान १·६ मिमी. खोली आवश्यक असून खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे निदर्शक उंचवटे ठेवलेले असतात. रुंद टायर मात्र ३ मिमी. उरताच, पावसाळ्यापूर्वी बदलणे इष्ट. पहिल्या पावसात शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरी रस्त्यावर येतो. त्यावर कोणताही टायर पकड धरीत नाही.

वय : अशा गाड्या वर्षातून थोड्याच धावतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. ऑक्सिजन, ऊन व उष्णता यांमुळे रबर कठीण व ठिसूळ बनते आणि वरून खाचा मात्र नव्यासारख्या दिसतात. अमेरिकन नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात ज्या पोर्श कॅरेरा जीटी गाडीच्या अपघातात मृत्यू पावला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तो स्वतः गाडी चालवीत नव्हता. मर्यादेबाहेरचा वेग हे पोलीस तपासात आढळलेले मुख्य कारण. परंतु टायरांच्या वयामुळे गाडीच्या नियंत्रणावर परिणाम झाला असावा, असेही त्यात नमूद झाले. भिंतीवरील चार अंकांवरून निर्मितीचा आठवडा व वर्ष समजते, उदा., २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर विकत घेताना हे अंक स्वतः वाचावेत. खपाच्या अभावी मोठ्या मापाचे टायर दुकानात वर्ष-दोन वर्षे पडून राहणे अशक्य नाही. वापर कितीही कमी असला, तरी सहा वर्षांनंतर ते वेगवान गाडीवर ठेवू नयेत.

जोडी व उपलब्धता : पुष्कळ स्पोर्ट्‌स गाड्यांत पुढील व मागील टायर भिन्न मापांचे असतात. पोर्श ९११ च्या एका अलीकडील प्रकारात पुढे २४५/३५ व २० इंची, तर मागे ३०५/३० व २१ इंची टायर आहेत. एका आसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, नक्षीचे व वयाचे असलेच पाहिजेत. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीत पुढील व मागील टायरांच्या परिघांचे प्रमाण बिघडल्यास शक्तिवाहक यंत्रणा झिजते, म्हणून तेथे चारही टायर एकदम बदलणे श्रेयस्कर. गाडीचे निर्माते टायर स्वतः पारखून त्यांवर खूण करवितात. पोर्शची ‘एन’ व पुढे अंक, तर बीएमडब्ल्यूची तारका अशी असते. एकाच नावाच्या खुणेच्या व बिनखुणेच्या टायरांची अंतर्रचना वेगळी असू शकते; त्यांची सरमिसळ करू नये. भारत सरकारने जून २०२० मध्ये नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातल्यानंतर अशी मापे मिळण्यास विलंब होऊ लागला. तेव्हा टायर संपण्याची वाट न पाहता आधीच मागणी नोंदविणे हिताचे ठरते.

महामार्गापर्यंतचा रस्ताही विचारात घ्यावा लागतो. काळी कापसाची जमीन पावसात फुगते व उन्हात आकसते. त्यामुळे तीवरील रस्ते उंचसखल होतात. ८६ मिमी. उंचीची भिंत खड्ड्यात आपटताच रिम व दगड यांमध्ये चिमटली जाते आणि आतील दोरे तुटून भिंतीवर फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो. गाडीच्या निर्मात्याने मान्य केलेले एक इंच लहान रिम व त्यावरील उंच भिंतीचे टायर घेतल्यास ग्रामीण भागात त्रास बराच कमी होतो. सुकाणूची तत्परता किंचित घटते, एवढेच.

पातळ भिंतीचे टायर रिमला ओरखडा न पडता चढविण्याचे यंत्र लहान गावात क्वचितच असते, त्यामुळे हे काम मोठ्या शहरातील जाणकार कार्यशाळेत करवून घ्यावे. त्याच वेळी झडपा बदलाव्यात, चाकांचा तोल साधावा आणि त्यांचे कोन तपासून घ्यावेत. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातील वंगणाचा पातळ थर असतो. तो निघून जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोनतीनशे किमी. अंतर, जोराचे ब्रेक व वेगाची वळणे टाळावीत.

[⟶ टायर; मोटारगाडी; रबर].