कॉफीच्या मळ्यातील सावली

कॉफीचे झाड उन्हात चांगले वाढते की सावलीत? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर सह्याद्रीतील हजारो शेतकऱ्यांचे उत्पन्न आणि कित्येक पशुपक्ष्यांचे घर अवलंबून आहे. तेव्हा त्याचा थोडा बारकाईने विचार करू.

कॉफीचे मूळ घर इथिओपियातील डोंगराळ जंगल. तेथे ‘अरेबिका’ जातीचे झुडूप उंच वृक्षांच्या छायेत आपोआप उगवते. १७व्या शतकात बाबा बुदन या सूफी संताने येमेनमधून सात बिया आणल्या व चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आज भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. तिचा मोठा वाटा कोडगू म्हणजेच कूर्ग जिल्ह्याचा, कावेरी जेथे उगम पावते त्या प्रदेशाचा. आपल्याकडे विदर्भात चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी पिकते.

कोडगूतील जुना मळा दुरून जंगलासारखाच दिसतो. सर्वांत वर ऐन, शिसवी, उंबर, फणस यांचे छत असते. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढलेले असतात. त्यांखाली छाटून बुटकी ठेवलेली कॉफीची झुडपे असतात. ही सावली मळ्यात कोणते काम करते?

पानाचा जमाखर्च

भर दुपारी निरभ्र आकाश असताना एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकी सौरशक्ती पडते. कॉफीच्या पानाला एवढा प्रकाश वापरता येत नाही. पूर्ण उन्हाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका प्रकाश मिळाला, की त्याचे प्रकाशसंश्लेषण कमाल वेगाला पोहोचते. पुढे कितीही प्रकाश वाढला तरी अन्ननिर्मिती वाढत नाही. भरलेल्या बादलीवर नळ आणखी मोठा सोडावा, तसे होते. जादा ऊर्जेची उष्णता होते, पान तापते आणि पाणी वाचविण्यासाठी आपली पर्णरंध्रे मिटू लागते. रंध्रे मिटली, की कार्बन डायऑक्साइड आत येणेही कमी होते. म्हणजे ऊन भरपूर, पण काम मंद!

वृक्षांचे छत हे जादा ऊन वरच्यावर झेलते. शिवाय त्यांच्या पानांतून पाण्याची वाफ होत असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता शोषली जाते. त्यामुळे छताखालची हवा दिवसा थंड राहते. रात्री हेच छत जमिनीची उष्णता आकाशाकडे निसटू देत नाही. अशा समतोल हवेत कॉफीची फळे सावकाश पिकतात. कोस्टारिकातील प्रयोगांत सावलीतील फळे पिकायला एक महिन्यापर्यंत अधिक वेळ लागला आणि त्यांतील बिया आकाराने मोठ्या व चवीला सरस निघाल्या.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. भरपूर खत व पाणी दिले, तर उघड्यावरच्या कॉफीचे दर हेक्टरी उत्पादन सहसा जास्त येते. सावली फार दाट झाली, तर फुलेही कमी येतात. म्हणूनच मळेवाले दरवर्षी वृक्षांच्या फांद्या छाटून सावलीचे प्रमाण राखतात.

१८६९ सालचा अहवाल

एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी कोडगू, म्हैसूर आणि वायनाड भागात अनेक ठिकाणी जंगल साफ तोडून उघड्यावर कॉफी लावली. १८६० नंतरच्या दशकात खोड पोखरणाऱ्या किडीने या मळ्यांचा फडशा पाडला. मद्रास सरकारने डॉ. जॉर्ज बिडी यांना चौकशीसाठी नेमले. त्यांचा अहवाल १८६९ साली प्रसिद्ध झाला. सावली ठेवलेल्या मळ्यांत कीड कमी आहे, असे त्यांना आढळले होते.

याचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे. या किडीचा भुंगा लख्ख उन्हात चपळ असतो आणि मादी झाडाच्या उन्हात तापलेल्या खोडाच्या भेगांत अंडी घालते. खोडावर सावली असली, की त्याला ती जागा मानवत नाही. तेव्हापासून भारतात कॉफी सावलीत लावण्याची रीत पक्की झाली. जंगली प्राण्यांना निवारा मिळावा हा त्यामागचा हेतू नव्हता. तो निवारा आपसूक मिळाला.

मळ्यातील मदतनीस

या निवाऱ्याला आलेले पाहुणे फुकट राहत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये वळिवाची सर येऊन गेली, की आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या सुगंधी फुलांनी भरून जातो. ‘रोबस्टा’ जातीच्या कॉफीला फळ धरण्यासाठी दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. कोडगूमध्ये हे काम मुख्यतः आग्या मधमाश्या करतात आणि त्यांची पोळी उंच वृक्षांवर असतात.

पक्षीही कामाला येतात. कोस्टारिकात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही झुडपांवर पक्षी येऊ नयेत म्हणून जाळ्या घातल्या होत्या. जेथे पक्षी मोकळे होते, तेथे फळ पोखरणाऱ्या भुंग्याचा उपद्रव जवळजवळ निम्म्यावर आला. कर्नाटकातील कॉफीमळ्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जंगलावर अवलंबून असणाऱ्या ७९ जातींचे पक्षी आढळले. अरेबिकाच्या मळ्यांत जाती अधिक होत्या, पण रोबस्टाचे मळेही रिकामे नव्हते.

जमिनीचेही तसेच. उंच वृक्षावरून ठिबकणारा पावसाचा मोठा थेंब खाली येईपर्यंत पुन्हा बराच वेग घेतो. केवळ उंच छत जमिनीची धूप थांबवू शकत नाही. ते काम गळलेल्या पानांचा थर करतो, आणि तो थर हेच वृक्ष अंथरतात.

शेतकऱ्याची अडचण

एवढे फायदे असूनही जुने वृक्ष कमी होत आहेत. त्यांच्या जागी मूळचा ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओक लावला जातो. तो भराभर व सरळ वाढतो, त्याच्यावर मिरी छान चढते आणि तो तोडून विकणे सोपे असते. उलट कोडगूतील पुष्कळ जमिनींवरील देशी वृक्षांच्या लाकडावर जुन्या महसूल नियमांनुसार सरकारचा हक्क राहिला. ज्या झाडाचा पैसा आपल्याला मिळणार नाही, ते शेतकऱ्याने का जोपासावे? त्यातच फणसाच्या वासाने हत्ती मळ्यात शिरतात. त्यांच्या हल्ल्यात मजुरांचे प्राणही गेले आहेत. वन्यप्राणी जगल्याचे समाधान सर्वांना मिळते, पण त्याची झळ मळ्यात राबणाऱ्यालाच बसते.

यावर एक उपाय म्हणजे अशा कॉफीला चढा भाव देणे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने ‘पक्षिमित्र’ कॉफीसाठी प्रमाणपत्र ठरविले आहे. मळ्यावर किमान ४० टक्के छाया हवी, झाडे किमान १० जातींची हवीत, मुख्य वृक्ष १२ मीटर किंवा अधिक उंच हवेत आणि शेती सेंद्रिय हवी, अशा त्याच्या अटी आहेत. भारतात २०१९ साली कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अराकू येथील अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन प्रदेशाच्या नावाचे रक्षण करते. पक्ष्यांचे वा सावलीचे नव्हे. हा फरक ग्राहकाने ध्यानात ठेवावा. भारतातील बहुतेक कॉफी-उत्पादकांकडे १० हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. तपासणीचा खर्च त्यांना एकेकट्याने झेपत नाही. पण एकत्र आल्यास तो वाटून घेता येतो.

करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. उन्हाळ्यात दुपारी एक पत्र्याच्या छपराखाली आणि दुसरा मोठ्या आंब्याच्या किंवा वडाच्या झाडाखाली सारख्याच उंचीवर टांगा. दोन्ही सावलीतच असावेत. दर अर्ध्या तासाने तापमान लिहा. दोन्ही आकड्यांत फरक पडतो का आणि का पडतो, याची वर्गात चर्चा करा. तापलेला पत्रा खालच्या बाजूला उष्णता टाकतो. पान मात्र पाण्याची वाफ करून स्वतःला थंड ठेवते, हे विसरू नका.

मग झाडाखालची आणि पत्र्याखालची मूठभर माती घेऊन पाहा. कोणती ओलसर आहे? कोणत्या मातीत किडे, मुंग्या, गांडुळे दिसतात? सावली मोजायला तापमापक पुरतो, पण सावली कशाची आहे हे जाणून घ्यायला खाली वाकून मातीही पाहावी लागते. कोडगूचा शेतकरी देशी वृक्ष ठेवायचा की सिल्व्हर ओक लावायचा हे ठरवतो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच हिशोब असतो.