उन्हाळ्यात कुत्र्यास फिरविणारा माणूस निवडताना

घरातील वडीलधाऱ्यांना जमत नाही व तरुणांना सवड नाही, म्हणून कुत्र्यास फिरविण्यासाठी पगारी माणूस नेमण्याची पद्धत हैदराबादेतही आली आहे. मे महिन्यात येथील पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी उमेदवारास प्रथम एकच विचारावे: कुत्रा वाटेत बसला तर काय कराल? ‘ओढून नेईन’ म्हणणाऱ्यास चहा पाजून निरोप द्यावा.

कारण शरीरशास्त्रीय आहे. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. अंगातील उष्णता तो प्रामुख्याने धापा टाकून बाहेर टाकतो. त्याचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ते ४१च्या पुढे गेल्यास उष्माघाताचा संशय घ्यावा. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत श्वसनमार्गच अरुंद, म्हणून धोका अधिक.

फेरी सूर्योदयाच्या सुमारासच असावी. सायंकाळी ऊन उतरले तरी डांबर तापलेलेच असते, आणि जामबागसारख्या दाट वस्तीत मातीची वाट मिळणे कठीण. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यास टेकवून पाहणारा माणूस आम्हांस पसंत. पाणी बरोबर नेतो का, एका वेळी किती कुत्री सांभाळतो, हेही विचारावे. रेबीजच्या लशीची चौकशी कुत्र्यापुरती नको. त्या माणसाचीही करावी.

कुत्रा लडखडल्यास सावली, अंगावर साधे पाणी, वारा आणि तत्काळ पशुवैद्य, हा क्रम त्यास तोंडपाठ हवा. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

फेरी अर्धवट सोडून तो परत आला, तर त्या दिवसाचा पगार मात्र कापू नये.