जुन्याच्या जागी नवे घेताना

सकाळच्या चहासाठी केटल, दुपारच्या भातासाठी राइस कुकर, चटणी-मसाल्यासाठी मिक्सर. मॉरिशसमधील बहुतेक घरांत आज विजेवर चालणारी ही छोटी उपकरणे दिसतात. पूर्वी घरोघरी मसाला पाट्यावर वाटला जाई. आपल्या क्रिओल भाषेत पाट्या-वरवंट्याला 'रोश कारी' म्हणतात. दगडाचा पाटा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. विजेचे यंत्र मात्र वापरून वापरून झिजते. मग घरात प्रश्न उभा राहतो. ते दुरुस्त करावे की नवे घ्यावे? नवे घ्यायचे, तर कोणते? नीट विचार करून ठरवले, तर पैसे वाचतात आणि घरातील माणसेही सुरक्षित राहतात.

उपकरण बंद पडले म्हणजे ते निकामी झाले असे नाही. नेमके काय बिघडले, ते आधी पाहावे. मिक्सरची मोटर फिरते, पण पाते फिरत नाही, अशा वेळी बहुधा भांड्याखालची जोडणी झिजलेली असते. तो छोटा भाग बदलता येतो. भांड्यातून पाणी गळत असेल, तर रबराची कडी नवी घालावी लागते. केटलच्या तळाशी पांढरा थर साचला, तर पाण्यात थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून ते उकळावे, थर सुटतो. नंतर केटल स्वच्छ धुवावी. कधी कधी तर प्लगमधील फ्यूज तेवढा गेलेला असतो.

मात्र वायरचे आवरण फाटले असेल, जळका वास येत असेल किंवा हात लावताच झटका बसत असेल, तर ते उपकरण क्षणभरही वापरू नये. मेन स्विच बंद करून प्लग काढावा आणि मोठ्या माणसांना सांगावे. मुलांनी ते स्वतः कधीही उघडू नये. जाणकार कारागीर दुरुस्तीचा खर्च सांगेल. तो खर्च नव्या वस्तूच्या किमतीच्या जवळपास जात असेल, तर नवी वस्तू घेणेच शहाणपणाचे.

दुकानात जाण्यापूर्वी आपली गरज ठरवावी. चार-पाच माणसांच्या घरी साधारण एक लिटरचा राइस कुकर पुरतो. फक्त फळांचा रस काढायचा असेल, तर साधा ब्लेंडर चालतो. पण सुका मसाला दळायचा किंवा ढोलपुरीसाठी शिजवलेली डाळ बारीक करायची, तर स्टीलच्या भांड्यांचा दणकट मिक्सरच हवा.

जास्त बटणे असलेली वस्तू अधिक चांगली, असे पुष्कळांना वाटते. साध्या राइस कुकरचे काम कसे चालते ते पाहा. भांड्याच्या तळाशी एक चुंबक असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळाचे तापमान 100 अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही. तांदळाने पाणी शोषून घेतले की तापमान वाढते, चुंबकाची पकड सुटते आणि बटण आपोआप वर येते. भात तयार! एवढ्या साध्या युक्तीने काम होत असेल, तर केवळ चकचकीत पडद्यासाठी जास्त पैसे कशाला द्यायचे?

उपकरणाच्या तळाशी किंवा मागे एक पट्टी असते. ती वाचण्याची सवय लावावी. मॉरिशसमध्ये घरातील वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची असते. भारतातही तसेच आहे; त्यामुळे तिथून आणलेला मिक्सर इथे चालतो. फक्त त्याच्या गोल पिनांचा प्लग जाणकाराकडून बदलून घ्यावा लागतो. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेले 120 व्होल्टचे उपकरण मात्र आपल्याकडे थेट लावले, तर जळून जाईल.

पट्टीवर वॅटचा आकडाही असतो. वॅटला व्होल्टने भागले की उपकरण किती अँपिअर वीजप्रवाह घेते ते कळते. 2200 वॅटच्या केटलसाठी 2200 भागिले 230, म्हणजे सुमारे 9.6 अँपिअर. अशा केटलच्या तीन चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये 13 अँपिअरचा फ्यूज हवा. तिथे 3 अँपिअरचा फ्यूज टिकणार नाही. केटल आणि टोस्टर एकाच एक्स्टेंशनवर एकाच वेळी लावले, तर वायर तापून आग लागण्याचा धोका असतो.

जास्त वॅटची केटल जास्त वीज खाते, हा समज खरा नाही. तेवढेच पाणी उकळायला दोन्ही केटलना जवळजवळ सारखीच वीज लागते. मोठी केटल फक्त लवकर उकळते. खरी बचत होते ती लागेल तेवढेच पाणी भरल्याने. दोन कप चहासाठी केटल काठोकाठ भरणे म्हणजे बिल वाढवणे. शिवाय आपल्या बेटावर उसाच्या चिपाडापासून वीज होत असली, तरी बरीचशी वीज परदेशातून आणलेल्या तेलावर आणि कोळशावर तयार होते.

आता किमतीकडे वळू. समजा, एक केटल 600 रुपयांना मिळते आणि एक वर्ष टिकते. दुसरी 1200 रुपयांची असून चार वर्षे टिकते. पहिलीचा वर्षाचा खर्च 600 रुपये आणि दुसरीचा केवळ 300 रुपये. म्हणजे कमी किमतीची वस्तू नेहमीच स्वस्त नसते. पण महाग वस्तू टिकतेच असेही नाही. म्हणून हमी किती महिन्यांची आहे आणि सुटे भाग इथे मिळतात का, हे दुकानदाराला विचारावे. वस्तू दुकानातच चालवून पाहावी. पावती आणि हमीपत्र जपून ठेवावे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत आले. याचा अर्थ मिळेल ती हलकी वस्तू घ्यावी असा नाही. आपली गरज, आपली ऐपत आणि आपली सुरक्षितता, या तिन्हींचा मेळ घालणारी वस्तूच खरी किफायतशीर.

शब्दार्थ
निकामी – उपयोगाचे न राहिलेले
चिपाड – रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा
ऐपत – खर्च करण्याची ताकद
किफायतशीर – खर्चाच्या मानाने फायद्याचे

स्वाध्याय
1. कोणत्या तीन खुणा दिसल्यावर उपकरण लगेच बंद करावे?
2. भात शिजल्यावर राइस कुकरचे बटण आपोआप वर का येते?
3. 690 वॅटचा मिक्सर किती अँपिअर वीजप्रवाह घेईल?
4. घरातील एका उपकरणाची पट्टी मोठ्या माणसांच्या मदतीने वाचा आणि त्यावरील माहिती वहीत लिहा.