गोळी सुटल्यावर उरलेली पुंगळी पुन्हा वापरता येते, पण सगळा खेळ तिच्या मापाचा असतो

सातारा-सांगलीत फौजेतून रिटायर झालेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले होते.

अशा कुठल्याही माजी सैनिकाला विचारा, रेंजवर फायरिंग झाल्यावर सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं? उत्तर ठरलेलं असतं, खोके गोळा करणं. फौजेत ज्याला खोका म्हणतात, त्याला आपल्याकडच्या बातम्यांत आणि पंचनाम्यात पुंगळी म्हणतात. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. हिशोब जुळेपर्यंत सुट्टी नाही.

दुसरीकडे मोबाईलवर परदेशातले रील दिसतात. एखादा माणूस घरातल्या टेबलावर बसून त्याच रिकाम्या पुंगळ्या एका प्रेसमध्ये दाबतो, त्यात दारू भरतो, गोळी बसवतो आणि काडतूस तयार. बघताना वाटतं, एवढं सोपं असतं का?

तर नसतं. यातला सगळ्यात अवघड निर्णय दारू भरायच्या आधीच घ्यावा लागतो. पुंगळी पुन्हा किती दाबायची, हा तो निर्णय.

आधी पुंगळीचं काय होतं ते बघू

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत दारू, बुडाला ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर आणि हे सगळं धरून ठेवणारी पितळी पुंगळी. या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. रायफलच्या पुंगळीला आपल्यासारखीच मान असते, खांदे असतात आणि खाली अंग असतं.

घोडा दाबला की आतला दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट होतो. मोठ्या रायफलमध्ये तो चार हजार पटींच्या आसपास जातो. त्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे गरम वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते. पण ती मूळ मापावर येत नाही. ती आता त्या एका रायफलच्या चेंबरच्या मापाची झालेली असते.

आणि रायफल एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या असल्या तरी दोन चेंबर तंतोतंत सारखे नसतात.

मग दाबायची किती?

यासाठी डाय नावाचा पोलादी साचा वापरतात. पर्याय तीन आहेत.

पहिला, फक्त मान दाबायची. गोळी पकडण्यापुरती मान आवळायची, बाकी अंगाला हात लावायचा नाही. पुंगळी आपल्या चेंबरमध्ये मापात बसते आणि पितळाची झीज कमी होते. पण ही पुंगळी दुसऱ्या रायफलमध्ये बसेलच असं नाही. शिवाय चार-पाच वेळा वापरल्यावर ती इतकी फुगते की बोल्ट बंद करायला जोर लावावा लागतो. मग पूर्ण दाबावीच लागते.

दुसरा, पुंगळी पूर्ण दाबून जवळजवळ कारखान्याच्या मापावर आणायची. ती त्या मापाच्या कुठल्याही चांगल्या रायफलमध्ये बसते. एकापेक्षा जास्त रायफली असतील किंवा रायफल सेमी-ऑटोमॅटिक असेल, तर हाच मार्ग. आपोआप भरणाऱ्या रायफलमध्ये घट्ट पुंगळी अडकली तर बोल्ट अर्धवट बंद राहू शकतो आणि ते धोक्याचं आहे.

पण खरी चूक इथेच होते. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला, तर पुढच्या वेळी गोळी सुटताना पुंगळीला लांबीत ताणायला मोकळी जागा मिळते. ती ताणली जाते बुडाच्या जरा वर. दरवेळी तिथलं पितळ पातळ होत जातं, बाहेरून एक चकचकीत कडं दिसायला लागतं आणि एक दिवस बूड तुटून वेगळं होतं. मग वायू मागे येतो.

तिसरा मार्ग मधला. अंग पूर्ण दाबायचं, पण खांदा अगदी जरासा मागे घ्यायचा. बोल्ट रायफलला साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, सेमी-ऑटोमॅटिकला ०.०८ ते ०.१२ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे सगळा हिशोब केसाच्या जाडीचा. म्हणूनच आधी आपल्या रायफलमधून सुटलेली पुंगळी गेजने मोजायची आणि मगच डाय लावायची. लांब पल्ल्याचे बरेच नेमबाज आज हाच मार्ग धरतात.

पितळ दमतं

विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांना किंवा कुठल्याही सोनाराला हे सांगावं लागत नाही. धातू ठोकत, ओढत गेलं की कडक होतो आणि शेवटी तडकतो. त्याला तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. पुंगळीची मानही तशीच तापवतात. बूड मात्र कधीच तापवायचं नाही, कारण ते मऊ झालं तर दाब सहन करणार नाही.

पितळातला हा ताण काय करू शकतो, हे ब्रिटिशांना भारतातच कळलं होतं. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली काडतुसं न वापरताच तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी बनवताना पितळात राहिलेला ताण, अशी तिन्ही कारणं एकत्र आली होती. १९२१ मध्ये त्याचा नीट उलगडा झाला.

आपल्याकडे हे चालतं का?

ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ज्या ५० मीटर रायफल प्रकारात पदक जिंकलं, तिथे हा प्रश्नच येत नाही. ती .२२ ची काडतुसं असतात. त्यांचं ठिणगीचं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि एकदा चेपलं की संपलं.

मोठ्या काडतुसांचं म्हणाल, तर शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ती बनवायला वेगळा परवाना लागतो. पीक वाचवायला किंवा स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे, म्हणून घरी काडतुसं भरता येत नाहीत. काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रंसुद्धा कायद्यात दारूगोळा म्हणूनच धरली जातात. त्यामुळे रील बघून प्रेस मागवायच्या आधी दहा वेळा विचार करा.

आणि पुढच्या वेळी एखादा रिटायर सुभेदार खोके मोजण्याची गोष्ट सांगायला लागला, तर हसू नका. त्या रिकाम्या पुंगळीला किंमत असते, म्हणून तर ती मोजून घेतात.